मोटारीचा प्लग

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री, कधी दोनला, कधी साडेतीनला,
म्हणून मोटारीचा प्लग बाहेर, हौदाशेजारी,
कंपाउंडच्या भिंतीवर, उघड्या आभाळाखाली.

त्याच्यावर आत्तापर्यंत होता
पाच लिटरच्या तेलाचा अर्धा कॅन,
नायना असताना त्यांनी कापलेला,
लूमवरच्या तुटक्या सुतानं खिळ्याला बांधलेला.
सूत हिरवं. चादरीतल्या मोराचं.
उन्हात तो मोर कधीच उडून गेला.

कॅन तडकला वैशाखात.
मग तीन भोकांपैकी एकात
कुंभारमाशीनं मातीचं घर लिंपलं.
अम्मा म्हणाली, राहू दे, पिल्लं असतील.
दोन पाळ्या आम्ही बादल्यांनी भरल्या.

आणि परवा, भिंत ओली असताना,
स्विच दाबला तर हाताला मुंग्या.
"मुंग्याच ना?" अम्मा म्हणाली.
चाळीस वर्षं विड्या वळलेल्या बोटांना
मुंग्यांचं काय.

अशोक चौकाच्या पुढं मलकप्पाचं दुकान.
त्यानं तीन झाकणं मांडली काउंटरवर.

एक फ्लॅपचं, स्प्रिंगवालं.
प्लग काढला की खटकन बंद.
"आणि प्लग आत असताना?"
"तेव्हा उघडंच राहणार की."
म्हणजे काम नसताना झाकणार,
कामाला लागलं की उघड्यावर.
आमच्या टॉवेलच्या कारखान्यात
छत्र्या वाटल्या होत्या एकदा,
दिवाळीत.

दुसरं लोखंडी, जड, हिरव्या रंगाचं.
बोटांनी मागं घेतलं स्वतःला.

तिसरं पोट सुटलेलं, आरपार दिसणारं,
प्लग लावूनही मिटणारं,
वायरीला खाली एवढीशी खाच.
त्याच्यावर दोन आकडे कोरलेले.
पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा, मलकप्पा म्हणाला.
मी म्हटलं, पाण्याचा कशाला,
पाणी येतंय कुठं? धुळीचा मोठा बघून दे.
तो हसला. मी नाही.
"आणि उन्हाचा आकडा?"
तो कंपनीनं लिहिलेला नव्हता.
मलकप्पानं नखानं प्लास्टिक खरवडून बघितलं.
"तीन उन्हाळे काढेल. चौथ्याला मी आहे की."

चारशे तीस.
मनात टॉवेलांच्या कडा मोजायला लागले,
मधेच सोडून दिल्या.

मैनुद्दीन आला संध्याकाळी, नमाजानंतर.
झाकण हातात घेतलंच नाही.
आधी अर्थिंग बघू, म्हणाला,
नुसतं झाकण म्हणजे
तापलेल्या माणसावर नवी चादर.
खड्ड्यात मीठ, कोळसा, दोन तांबे पाणी;
पाणी ओतताना अम्माचा जीव वरखाली.

मग झाकण बसवलं. वायर खाली झोका घेऊन वर आणली,
थेंब झोक्यावरूनच गळून जावा म्हणून.
कडेला पांढरं सिलिकॉन भरलं:
वर, डावीकडं, उजवीकडं.
"खाली विसरलास बे."
"विसरलो नाही. कितीही झाकलं तरी
थोडं आत जातंच.
त्याला जायला वाट लागते."

आज पाचवी रात्र. पावणेतीन.
"नीळ्ळु!" अम्मा ओरडली, शेजारी ऐकू जाईल इतकं.
पायात रबरी चप्पल, हातात लाटणं.
लाटण्यानंच झाकण उचललं,
लाटण्यानंच स्विच दाबला,
लाटण्यानंच झाकण परत मिटवलं.
"आता कशाला गं लाटणं?"
"झाकण नवीन हाय. हात जुनाच हाय."

आत लाल दिवा लागला,
पोटातल्या पोटात.
मोटारीनं आधी हवा ओढली, मग आवाज बदलला.

मी बॅटरी घेऊन वाकून बघितलं.
झाकणाखालच्या, न भरलेल्या फटीत
मातीचा एक ओला ठिपका,
मोहरीपेक्षा जरासा मोठा.
आजच लावलेला.

नख पुढं केलं, परत घेतलं.
सकाळी मैनुद्दीनला विचारायचं.